आमराईचा महाल: लिंबची बारा मोटेची विहीर

मळ्याच्या मालकाचा बंगला म्हटला की निलगिरीतला, आसामातला नाहीतर श्रीलंकेतला बंगला डोळ्यांपुढे येतो. टेकडीच्या माथ्यावर तो उभा असतो, चारी बाजूंनी व्हरांडा असतो आणि खाली चहाचा किंवा कॉफीचा मळा पसरलेला असतो. बसल्या जागेवरून सगळी लागवड आणि त्यात राबणारी सगळी माणसे मालकाला दिसावीत, असा त्या बांधणीमागचा विचार. साताऱ्याजवळ लिंब नावाच्या गावात लागवडीसाठीच बांधलेले एक घर आहे. आसामात चहाचे मळे उभे राहिले त्याच्या शंभरएक वर्षे आधीचे. तेही देखणे आहे, तिथेही बसायला दालने आणि कोरीव खांब आहेत. पण ते जमिनीखाली, एका विहिरीच्या पोटात आहे. त्याच्या मालकीणबाईंची बाग आंब्यांची होती, आणि आंब्याच्या बागेला सर्वांत मोलाचे काय असते हे ज्याला ठाऊक आहे त्याला घराची ही जागा विचित्र वाटणार नाही.

साताऱ्यापासून सोळाएक किलोमीटरवर, पुणे-बंगळूर महामार्ग सोडून आत वळले की शेतांतून रस्ता या विहिरीपाशी जातो. तिला सगळे 'बारा मोटेची विहीर' म्हणतात; प्रत्यक्षात काठावर पंधरा मोटा चालतील एवढी सोय आहे. जवळ जाईपर्यंत काही दिसत नाही, कारण दिसण्यासारखे सगळे खाली आहे. रुंद दगडी पायऱ्या उतरत दरवाजातून आत गेलो की एका बाजूला पायऱ्यांचा लांबट भाग आणि दुसऱ्या बाजूला मुख्य अष्टकोनी विहीर, आणि दोहोंच्या मधोमध पुलासारखा बांधलेला महाल. वरून पाहिले तर सगळ्या बांधकामाचा आकार शिवलिंगासारखा दिसतो. खोली सुमारे 110 फूट आणि व्यास सुमारे 50 फूट सांगतात. दगड सह्याद्रीचाच, काळा कातळ, नीट घडवलेला. महालाच्या खांबांवर गणपती, मारुती, हत्ती, घोडेस्वार, फुले कोरलेली आहेत; भिंतींवर शरभाची आणि वाघासिंहांची शिल्पे आहेत. किल्ल्याच्या दरवाजावर शोभावीत अशी ही चित्रे एका शेतीच्या विहिरीवर आहेत.

विहिरीवर शिलालेख आहे, त्यामुळे कोणी आणि केव्हा बांधली याचा वाद उरत नाही. शके 1641, विकारी संवत्सर, ते शके 1646, क्रोधी संवत्सर. म्हणजे इसवी सन 1719 ते 1724. बांधणाऱ्या श्रीमंत विरूबाई भोसले.

विरूबाई या थोरल्या शाहू महाराजांच्या विवाहित राणी नव्हत्या. सकवारबाई आणि सगुणाबाई या राण्या साताऱ्यात असताना राजवाड्याचा कारभार मात्र विरूबाईंच्या शब्दाने चालत असे. शाहूराजे मोगलांच्या छावणीत कैदेत होते तेव्हापासूनची त्यांची सोबत. राजांचे लग्न झाल्यावर औरंगजेबाने सूनमुख पाहण्याची इच्छा दाखवली, तेव्हा खऱ्या नवरीऐवजी विरूबाईंना पुढे केले, अशी आख्यायिका मराठी इतिहासकारांनी नोंदवून ठेवली आहे. 1707 साली सुटून दक्षिणेत येताना पारद गावच्या चकमकीनंतर जे मूल शाहूंच्या पायावर घातले गेले आणि ज्याचे नाव त्यांनी फत्तेसिंह ठेवले, त्याला विरूबाईंनी पोटच्या मुलासारखे वाढवले. अक्कलकोटचे राजघराणे त्याच फत्तेसिंहांचे. 1740 मध्ये विरूबाई वारल्या. राणीपदाचा मान नसलेल्या बाईचे नाव दगडावर राहिले ते पाण्याच्या कामामुळे, आणि ते तिच्या स्वतःच्या नावाने राहिले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आता 1719 हे साल जरा थांबून पाहण्यासारखे आहे. 1708 मध्ये साताऱ्यात राज्याभिषेक झाला तरी पुढची बरीच वर्षे शाहूंची ताराबाईंशी भाऊबंदकी चालली, सरदार आज इकडे तर उद्या तिकडे. 1719 मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतले ते स्वराज्याच्या, चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन. त्यांच्याबरोबर शाहूंच्या मातोश्री येसूबाईही इतक्या वर्षांच्या कैदेतून परत आल्या. त्याच साली लिंबला कुदळ पडली. या दोन घटनांचा संबंध दाखवणारा कागद नसला, तरी एवढे म्हणता येते की आंब्याची लागवड अस्थिर काळात कोणी करत नाही. ज्वारी चार-पाच महिन्यांत पदरात पडते, ऊस वर्ष-दीड वर्षात. कोयीपासून वाढवलेले आंब्याचे झाड नीट फळाला यायला आठ-दहा वर्षे घेते, आणि ऐन भरात येते ते लावणाऱ्याच्या पुढच्या पिढीत. उद्या इथे कोणाची फौज तळ देऊन बसेल याची खात्री नसेल तर कोण आमराई लावील? पाच वर्षे खपून दगडाची विहीर बांधणारी आणि तिच्या पाण्यावर आंबे लावणारी राजधानी आता स्थिरावली होती. विहिरीचे काम पुरे होईपर्यंत बाळाजी विश्वनाथ जाऊन थोरले बाजीराव पेशवे झाले होते.

लिंबच्या परिसरात विरूबाईंनी हजारो झाडांची आमराई लावली आणि तिच्यासाठी ही विहीर खोदली, असे गावात सांगतात. कृष्णा नदी जवळून वाहते, मग विहीर कशाला, असा प्रश्न पडतो. नदीचे पात्र खोल आणि जमीन वर; नदीला दरड, पावसाळ्यात पूर. तिथून पाणी उपसून वरच्या रानात नेण्यापेक्षा रानातच विहीर घेऊन तिथल्या तिथे पाट काढणे सोपे. आंबा एकदा मुळे खोल गेली की दुष्काळालाही दाद देत नाही, पण रोप असताना पहिले तीन-चार उन्हाळे त्याला हाताने जगवावे लागते. पुढे मोठ्या झाडाची गरज वेगळी. मोहर येण्याआधी त्याला पाण्याचा ताण बसलेला चांगला. त्या दिवसांत पाणी दिले तर पालवी फुटते आणि मोहर मागे पडतो. फळ धरल्यावर कैरी पोसायला पाणी दिले की आंबा भरतो. म्हणजे मोटा थंडीत थांबायच्या आणि फाल्गुन-चैत्रापासून पुन्हा धरायच्या.

मोट काय असते हे आज चाळिशीच्या आतल्या वाचकाला सांगावे लागेल. कातड्याचा भलामोठा बुधला, तळाला हत्तीच्या सोंडेसारखी निमुळती नळी. बुधल्याच्या तोंडाला जाड नाडा बांधलेला, तो विहिरीच्या काठावरच्या चाकावरून बैलांच्या जुवापर्यंत जातो. सोंडेला बारीक दोर, सोंदूर, तो खालच्या कण्यावरून. बैल विहिरीकडून उताराच्या धावेवरून खाली चालत निघतात, मोट वर येते. दोन्ही दोरांची लांबी अशी जुळवलेली असते की मोट काठाशी आली की सोंड आपोआप पुढे ओढली जाते आणि सगळे पाणी थारोळ्यात ओतले जाते. थारोळ्यातून पाट, पाटातून दंड, दंडातून झाडाच्या आळ्यात. मग मोटकरी बैलांना उलट पावली धावेवर मागे आणतो आणि मोट पुन्हा पाण्यात बुडते. मोटकऱ्याने नाड्यावर बसून खाली जाण्याने बैलांचा भार हलका होतो, हे जुन्या माणसांना अजून आठवते. पहाटे सुरू होणाऱ्या या कामाला गाणे लागायचे. मोटेवरची गाणी म्हणून एक वेगळा प्रकारच मराठीत आहे.

अशा पंधरा मोटा एकाच विहिरीवर म्हणजे तीस बैल, पंधरा मोटकरी, शिवाय पाटावर दारे धरणारी माणसे. मी एक साधा हिशेब करून पाहिला. मोटेत दीडशे लिटर पाणी धरले आणि एवढ्या खोल विहिरीवर तासाला पंचवीसच खेपा होतात असे मानले, तर एक मोट तासाला 3,750 लिटर काढते आणि पंधरा मोटा 56,250 लिटर. कच्च्या पाटात जिरणारे निम्मे पाणी वजा केले आणि रोपाला दोन घागरी दिल्या, तरी तासाला हजारभर रोपे भिजतात. हा अंदाजच आहे, झऱ्याला एवढा उपसा सोसतो का हाही प्रश्न आहे. पण त्यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. लागवड खरोखर हजारांच्या घरात असली पाहिजे. आणि पंधराच्या पंधरा मोटा रोज चालवण्याएवढे पाणी एकट्या आंब्याला लागत नसणार. जिथे बारमाही पाटाचे पाणी आहे तिथे भाजीपाला, फुले, केळी, ऊस असे बागायत आपसूक येते. लिंबची विहीर बांधली आंब्यासाठी, पण तिच्यावर सगळा मळा पिकला असावा, असे माझे मत आहे.

आणि मग महाल. विहिरीत महाल कशासाठी, याची अनेक उत्तरे दिली जातात. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज इथे बसत आणि इथे खलबते होत, ही कथा सर्वांत लोकप्रिय. इंग्रजांनी 1818 मध्ये त्यांना गादीवर बसवले आणि 1839 मध्ये पदच्युत करून काशीला पाठवले. इंग्रज रेसिडेंटची नजर चुकवून बोलायला ही जागा बरी होती, असे कोणी म्हणाले तर ते पटण्यासारखे आहे. पण महाल त्यांच्याही शंभर वर्षे आधीचा. बांधताना इंग्रजांची नजर चुकवायचा प्रश्नच नव्हता. 'गुप्त महाल', 'भुयारी राजवाडा' अशा नावांनी ही वास्तू प्रसिद्ध झाल्यापासून लोक तिच्यात रहस्य शोधतात आणि वरच्या मोटांच्या जागांकडे पाहतही नाहीत, याचे मला वाईट वाटते.

महालाचे उत्तर आमराईच्या दिनमानातच आहे. आंब्याला माणसाची सगळ्यांत जास्त गरज लागते ती चैत्र-वैशाखात. कैऱ्यांची राखण करायची, पाखरे-वानरे हाकलायची, वाऱ्याने पडलेली कैरी गोळा करायची, पाड लागला का ते रोज पाहायचे, मग झेल्याने आंबे उतरवायचे आणि पेंढ्याची आढी घालून पिकवायचे. रायवळ आंब्यांच्या बागेत तर प्रत्येक झाडाची चव निराळी. एक गोड, एक आंबूस, एक लोणच्याचाच. कुठला राजवाड्यात पाठवायचा आणि कुठला वाटून टाकायचा हे खाऊन ठरवावे लागते. म्हणजे बागेच्या मालकिणीने बागेत असायचे दिवस नेमके कडक उन्हाचे. सातारच्या वैशाखात पत्र्याखाली किंवा कौलाखाली दुपार काढणे कठीण. पण जमिनीत पंधरा-वीस फूट उतरले की ऊन पोहोचत नाही. तिथल्या मातीचे आणि दगडाचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही, ते वर्षाच्या सरासरीपाशी राहते. त्यात खालच्या पाण्याची वाफ होताना ती आजूबाजूची उष्णता शोषून घेते. वर अंगाची लाही होत असताना या दालनात शाल नको, पण पंखाही नको. आमराईची पाहणी करायला आलेल्या राजघराण्यातल्या माणसांना दुपारी बसण्यासाठी यापेक्षा चांगली जागा वरच्या जमिनीवर बांधताच आली नसती. विहीर तर बांधायचीच होती. त्याच खर्चात, त्याच दगडात घरही बांधले.

गुजरातेतल्या वावांची, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींची, आठवण इथे येतेच. पाटणची राणी की वाव अकराव्या शतकातली, राणी उदयमतीने बांधलेली. अडालजची वाव 1499 ची, राणी रूडाबाईच्या नावाची. बायकांनी पाण्याची बांधकामे करावीत ही परंपरा भारतात जुनी आहे, आणि विरूबाई त्या रांगेत शोभतात. पण गुजरातेतल्या वावा प्रामुख्याने पिण्याच्या पाण्यासाठी, वाटसरूंसाठी, पूजेसाठी. तिथे माणूस पाण्यापर्यंत उतरतो. लिंबला माणूस उतरायची वाट एका बाजूला आहे आणि पाणी चढायच्या वाटा बाकी सगळ्या बाजूंनी आहेत. बांधकामाचा मोठा भाग त्या चढणाऱ्या पाण्यासाठी आहे: चाकांचे खांब, धावा, थारोळी, पाट. शोभा आणि शेती एकाच वास्तूत इतक्या सरळपणे एकत्र आलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

ही विहीर खोदणाऱ्यांची, कातळ फोडणाऱ्यांची, दगड घडवणाऱ्या पाथरवटांची नावे शिलालेखात नाहीत. शंभर फूट खोल खड्ड्यातून दगडमाती वर काढणे, झरे लागल्यावर ते पाणी उपसत उपसत खाली जाणे आणि मग भिंत बांधत वर येणे हे पाच वर्षांचे काम त्यांचे. मळ्यांच्या बंगल्यांचा इतिहास लिहिताना आता जगभर राबणाऱ्यांचा शोध घेतला जातो. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांच्या कोठड्या जपून दाखवल्या जातात. लिंबच्या मोटकऱ्यांचा आणि पाथरवटांचा शोध मराठी दफ्तरांत कोणीतरी जिद्दीने घ्यायला हवा.

मोटा थांबल्या कशा, ही कथा लिंबपासून शंभरएक किलोमीटर दक्षिणेला जाते. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून आपला कारखाना हलवावा लागला. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळ 32 एकर माळरान दिले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगर बेळगावातच निघाला होता. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे शेतकरी तो घेईनात, पहिले नांगर कारखान्यात पडून राहिले. मग तो खपला तसा उसाचा चरक आला, आणि 1920 नंतरच्या दशकात पंप. तेलाचे इंजिन आणि पंप यांनी बैलजोडीचे दिवसभराचे काम तासाभरात करून दाखवले. गावोगाव वीज आल्यावर मोटेचे कातडे शिवणारे, चाके करणारे, नाडे वळणारे यांचे काम एकाच पिढीत संपले. किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. 1949 मध्ये सातारा जिल्हा विभागून दक्षिण सातारा जिल्हा केला आणि 1960 मध्ये त्याला सांगली नाव मिळाले, म्हणजे मोट आणि मोटेला घरी बसवणारा पंप ही एकाच जुन्या जिल्ह्याची दोन टोके.

पंपाने पाणी वाढले नाही, उपसा वाढला. मोटेचा एक गुण असा की विहिरीतले पाणी खाली गेले की दोर लांबवावा लागे, बैल थकत, आणि माणूस आपोआप थांबे. पंपाला हा थकवा नाही. तासगाव, जत, कवठेमहांकाळ, आटपाडी या सांगलीच्या पूर्व भागात विहिरींनंतर कूपनलिका आल्या, त्या खोल खोल गेल्या. दुष्काळात द्राक्षबागा टँकरच्या विकतच्या पाण्यावर जगवाव्या लागल्या. वेल मेली तर मांडवासकट सगळे भांडवल जाते, आणि पुन्हा फळ धरायला वर्षे जातात. विरूबाईंच्या आमराईला होती तीच ही चिंता. त्यावर उत्तर म्हणून कृष्णेचे पाणी उचलणाऱ्या ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा योजना झाल्या. कराडजवळच्या टेंभूला कृष्णेवर बंधारा घालून पाणी टप्प्याटप्प्याने खानापूर, आटपाडीच्या माळावर चढवतात. प्रत्येक टप्प्याला प्रचंड वीज लागते आणि तिचे बिल कोणी भरायचे यावर दरवर्षी वाद होतो. पाणी वर चढवण्याला काय पडते, हा प्रश्न लिंबच्या तीस बैलांच्या वैरणीत होता, तोच टेंभूच्या वीजबिलात आहे.

आमराई आता राहिलेली नाही. लिंबच्या शिवारात ऊस आणि आले दिसते. विहिरीत मात्र पाणी आहे आणि बांधकाम तीनशे वर्षांनंतरही खणखणीत आहे. सुट्टीच्या दिवशी पुण्या-मुंबईची गर्दी होते. पायऱ्यांवर, महालाच्या खिडक्यांत छायाचित्रे काढली जातात. जाणाऱ्यांना एक विनंती. दरवाजातून लगेच खाली उतरू नका. आधी वरून विहिरीला पूर्ण चक्कर मारा, मोटांच्या पंधरा जागा मोजा, पाणी कुठे पडत असे आणि कोणत्या दिशेने रानात जात असे ते पाहा. कठड्यापाशी मुलांचा हात सोडू नका, खोली फार आहे. मग खाली महालात या आणि खिडकीतून मुख्य विहिरीकडे पाहा. तिथे बसलेल्या माणसाला पंधरा मोटा एकामागून एक पाण्यात बुडताना आणि भरून वर जाताना दिसत असणार. आपल्या बागेत आज किती पाणी गेले हे विरूबाईंना कोणाला विचारावे लागत नसेल.